पाठीचे दुखणे आणि पिलाटिसची व्यायामपद्धती

आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ नित्यनेमाने सकाळच्या मिस्सेला येतात. गेल्या वर्षी एके दिवशी काही कामानिमित्त ते आमच्या खोलीच्या दाराशी आले आणि चटईवर उताणे पडून एक पाय हवेत उचललेल्या स्थितीत आम्हांस पाहून जागच्या जागी थबकले. हा काय प्रकार, असे त्यांनी विचारले. हा पिलाटिसचा व्यायाम, असे आम्ही सांगताच त्यांची मुद्रा गंभीर झाली. "पिलात? आणि फादरांच्या खोलीत?" एवढेच ते उद्गारले. दर रविवारी श्रद्धेची उद्घोषणा करताना ज्या रोमन सुभेदाराचे नाव आपल्या ओठी येते त्याचा या व्यायामाशी सुतराम संबंध नाही, हे त्यांस पटविण्यात आमची दहा मिनिटे गेली. गंमत अशी की, ज्या जर्मन गृहस्थाने ही पद्धती शोधून काढली त्यालाही शाळेतील पोरे याच नावावरून छळीत असत, असे त्याच्याविषयी सांगितले जाते.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नामुळेच हा लेख लिहिण्याचे मनात आले. घरोघरी भेटी देताना आम्हांस असा अनुभव आहे की, ज्या घरात पाठीचे वा कंबरेचे दुखणे नाही असे घर विरळा. भाताच्या लावणीत दिवसभर ओणवे राहणाऱ्या स्त्रिया, शिवणयंत्रापुढे मान घालून बसणारे, मोटारसायकलीवरून खड्डे खात रोज चाळीस मैल जाणारे, कचेरीत संगणकापुढे आठ तास बसणारे तरुण, सर्वांची तक्रार एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती आणि २०५० सालापर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामाबाहेर बसविणाऱ्या व्याधींत हिचा क्रमांक पहिला लागतो.

आता प्रथम आमच्याच पाठीची हकीकत सांगणे प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चर्चचे छप्पर गळू लागले, म्हणून बाके हलवावी लागली. मदतीस माणसे येईपर्यंत धीर न धरता आम्ही एका जड बाकाचे टोक अंग पिळून उचलले, आणि कमरेत अशी उसण भरली की तसेच बाकावर ओणवे होऊन राहिलो. पुढे काय झाले ते बहुतेक घरांतून होते तसेच झाले. कोणी लाकडी फळीवर निजावयास सांगितले, कोणी पट्टा आणून दिला, कोणी तेल. एकवीस दिवस आम्ही अंथरुणावर काढले. छायाचित्रे काढली गेली आणि त्यांच्या अहवालात चकती झिजली आहे, चकती फुगली आहे, असे शब्द वाचून आमच्या मनाने असा धसका घेतला की, पाठ म्हणजे तडा गेलेले मातीचे भांडे, जपून नाही वापरले तर फुटेल, असे आम्ही धरून चाललो. जमिनीवर पडलेले पेन उचलण्यास शेजारच्या मुलाला हाक मारू लागलो. वेदना महिन्याभरात पुष्कळ कमी झाली होती. भीती मात्र गेली नाही. त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामात एका लहानग्याचा दफनविधी झाला. शवपेटिका खाली गेल्यावर मूठभर माती घेण्यास आम्हांस वाकवेना. त्या मुलाच्या बापाने, स्वतः बापाने, वाकून माती घेतली आणि आमच्या तळहातावर ठेवली. तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही बेळगावी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्या वयाने आमच्याहून पुष्कळ लहान, परंतु आपल्या विषयात मुरलेल्या. आमचा अहवाल त्यांनी शांतपणे वाचला, बाजूस ठेवला आणि म्हणाल्या, "फादर, आपल्या वयाच्या आणि पाठ मुळीच न दुखणाऱ्या शंभर माणसांची अशीच छायाचित्रे काढली, तर त्यांतील निम्म्यांच्या अहवालात हेच लिहून येईल." आम्हांस ती केवळ धीर देण्याची भाषा वाटली. परंतु नंतर आम्ही स्वतः वाचून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्या एकत्र करण्यात आल्या होत्या. चाळिशीतील निरोगी माणसांपैकी ६८ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशी ही गोष्ट. सर्व कंबरदुखींपैकी सुमारे ९० टक्के दुखण्यांत एखाद्या विवक्षित अवयवाकडे बोट दाखवून 'हेच कारण' असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. उरलेल्या दहा टक्क्यांविषयी पुढे लिहीत आहोत. ते ज्याने वाचले नाही त्याने हा लेख वाचलाच नाही असे समजावे.

आणि ते एकवीस दिवस? त्याबद्दलही आम्हांस चांगलेच ऐकावे लागले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या सेवेतील कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. ज्यांना नुकतीच कंबरदुखी झाली होती अशांचे तीन गट केले. एकास दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्यास पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्यास एवढेच सांगितले की, दुखणे जितके सोसवेल त्या मर्यादेत आपली नेहमीची कामे चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सर्वांत मागे राहिला तो निजून राहिलेला. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुखण्याच्या ऐन भरात व्यायाम करणारेसुद्धा, नेहमीची कामे करणाऱ्यांच्या मागे पडले. तेव्हा आज उसण भरली आणि उद्या पिलाटिस सुरू केले, असे करू नये. व्यायामाचा काळ तो भर ओसरल्यावर येतो.

पाठ ही चीज कशी बनली आहे हे थोडक्यात सांगतो. आपल्या भाषेत मणका म्हणजे मणीच. ज्याने हे नाव दिले त्याने कण्याकडे नीट पाहिले असले पाहिजे. जन्मतः असे ३३ मणी असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, आणि खाली माकडहाडापर्यंतचे ९, जे पुढे एकमेकांत जुळून जातात. सुट्या मण्यांच्या मधून कूर्चेच्या चकत्या. मोठ्या माणसाच्या या चकत्यांस स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भोवतालच्या भागातून झिरपून येईल तेवढेच त्यांचे पोषण. दिवसभराच्या भाराने त्यांतील पाणी थोडे निघून जाते आणि रात्री निजल्यावर परत भरते. यामुळेच सायंकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने ठेंगणे असतो. पहाटे चकत्या भरलेल्या आणि ताठ असतात, सबब उठल्याउठल्या खोल वाकण्याचे काम वा व्यायाम करू नये. तासभर जाऊ द्यावा. ही साधी गोष्ट आम्हांस आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, कारण आम्ही पहाटेसच पायाचे अंगठे धरण्याचा अट्टाहास करीत असू.

आता नुसती मण्यांची माळ उभी राहणार नाही. गलबताची डोलकाठी चहूबाजूंच्या दोरांनी ताणून धरलेली असते, तसा कणा स्नायूंनी धरलेला आहे. वरवरचे मोठे स्नायू आपणांस दिसतात. त्यांच्या आत, पोटाच्या अगदी तळाशी, एक आडवा स्नायू शेल्यासारखा कमरेभोवती गुंडाळलेला आहे. मण्यांच्या लगत लहान लहान स्नायूंची रांग आहे. वर श्वासपटल आणि खाली कटिराचा तळ. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील संशोधकांनी दाखवून दिले की, निरोगी माणसाने नुसता हात उचलावयाचे मनात आणले तरी हात हलण्यापूर्वीच हा आतला शेला आवळला जातो. आणि ज्यांची कंबर वारंवार दुखते त्यांच्यात तो उशिरा आवळला जातो. या शोधामुळे पिलाटिसकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. कारण या पद्धतीत पहिल्या दिवसापासून त्याच भागाकडे लक्ष देण्यास शिकवितात. एवढ्या एका स्नायूत सारे रहस्य साठले आहे, असे तेव्हा काहींना वाटले. आज तितके कोणी म्हणत नाही.

जोसेफ ह्यूबर्टस पिलाटिस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. (बेनेदिक्ती मठाभोवती वाढलेले हे गाव, त्याच्या नावात मठवासी अद्याप आहेत.) बालपणी दमा, मुडदूस आणि सांधेज्वर यांनी त्यांस ग्रासले होते, असे ते सांगत. दुबळ्या शरीराचा सूड घ्यावा तसे ते व्यायामामागे लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते इंग्लंडात होते; शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांस पकडून आयल ऑफ मॅन या बेटावरील नॉकालो येथील छावणीत ठेवण्यात आले. तारांच्या कुंपणाआड हजारो माणसे वर्षानुवर्षे रिकामी बसलेली. तेथे त्यांनी बंदिजनांस आपले व्यायाम शिकविले. खाटेवरून उठू न शकणाऱ्यांसाठी त्यांनी खाटेला स्प्रिंगा बांधल्या आणि त्यांतूनच त्यांची पुढील यंत्रे निघाली, अशी कथा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांच्या शिष्यांपैकी एकही दगावला नाही, असेही सांगतात. अशा कथांस आम्ही फारसा भाव देत नाही; थोरांच्या मागे त्या आपोआप उगवतात.

१९२६ साली ते न्यूयॉर्कला गेले. सहचारिणी क्लारा हिच्यासह तेथील आठव्या ॲव्हेन्यूवर त्यांनी आपली व्यायामशाळा काढली. जवळच नर्तकांच्या तालमी चालत; नाचताना जायबंदी झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले आणि जॉर्ज बॅलन्शीन, मार्था ग्रॅहॅम यांसारख्या नृत्यकलेतील नामवंतांमुळे त्यांचे नाव पसरले. आपल्या पद्धतीस त्यांनी स्वतःचे नाव दिले नव्हते. ते तिला 'कंट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणशास्त्र म्हणत. १९४५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात जमिनीवर करावयाचे ३४ व्यायाम आहेत. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते वारले. पुढे त्यांच्या नावाच्या मालकीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २००० साली न्यायालयाने निर्णय दिला की, 'पिलाटिस' हा आता योग वा कराटे यांसारखा सर्वसामान्य शब्द झाला आहे. याचा एक परिणाम असा की, कोणीही उठून पिलाटिसचा शिक्षक म्हणून पाटी लावू शकतो. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

मोठ्या शहरांतून सरकती फळी आणि स्प्रिंगा असलेली यंत्रे मांडून जे वर्ग चालतात, त्यांचे शुल्क आमच्यासारख्यास परवडणारे नाही. त्याची जरूरही नाही. एक जाड सतरंजी, तिच्याखाली चटई, डोक्याखाली दुमडलेला टॉवेल, एवढ्यावर आमचे दोन वर्षे भागले आहे.

बाईंनी आम्हांस पहिले तीन दिवस निव्वळ श्वास घेण्यास शिकविले. उताणे निजावे, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवावीत. कमरेखाली जी नैसर्गिक पोकळी असते ती दाबून सपाट करू नये आणि कमान करून वाढवूही नये. तळहात जेमतेम सरकेल इतकी राहू द्यावी. नाकाने श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंस उघडाव्यात. सोडताना ओटीपोट हळूच आत घ्यावे, घट्ट नाडीपासून सुटका करून घेतल्यासारखे. सर्व शक्ती लावू नये. पाव शक्ती पुरे. आम्हांस हे पोरखेळासारखे वाटले. परंतु चौथ्या दिवशी त्यांनी याच स्थितीत आमच्या ओटीपोटावर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवली आणि श्वास सोडता सोडता एक पाऊल उचलून मांडी उभी करण्यास सांगितले. वाटी उलटली आणि आमचा सदरा भिजला. पाय उचलताना आपला कटिभाग होडीसारखा डोलतो, हे आम्हांस पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. पाणी न सांडता दोन्ही पाय आळीपाळीने सहा-सहा वेळा उचलता येण्यास आम्हांस पाच आठवडे लागले.

त्यानंतरचा व्यायाम आम्हांस सर्वांत प्रिय आहे. त्याच स्थितीतून, श्वास सोडीत, माकडहाडापासून आरंभ करून एकेक मणका जमिनीवरून उचलीत जावे. गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत शरीर एका उतारावर आले की थांबावे, श्वास घ्यावा आणि वरच्या मण्यापासून एकेक मणी जमिनीवर ठेवीत परत यावे. जपमाळेचे मणी बोटांतून सरकतात तसे. आरंभी आमच्या कमरेतील तीन-चार मणी एकदमच धाडकन खाली येत. मधले मणी जणू एकमेकांस चिकटले होते. पाठीत ताठरपणा म्हणजे काय हे औषधांपेक्षा या एका व्यायामाने आम्हांस अधिक समजले.

पुढे हातापायांवर, तान्ह्या मुलाने रांगावे तशी स्थिती घेऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवावयाचा, कंबर न हलविता, मग उलट. आणि जे दिवसभर ओणवे असतात त्यांच्यासाठी पालथे निजून, कोपरांवर किंचित भार देऊन छाती जमिनीवरून चार बोटे उचलावयाची. प्रत्येक व्यायाम सहा ते आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी वीस मिनिटे. व्यायाम करताना पायात झणझणाट उतरू लागला, तर तो व्यायाम तेथेच सोडावा. साधे दुखरेपण थोडे वाढले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर त्यास भिऊ नये.

या पद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध व्यायाम 'शंभरी' हा आहे. डोके व पाय दोन्ही उचलून, हात शंभर वेळा हलवीत, दहा श्वास पुरे करावयाचे. पिलाटिसांच्या पुस्तकात तो पहिलाच असल्यामुळे आणि मोबाईलवरील चित्रफितींतूनही तोच आधी दिसत असल्यामुळे उत्साही मंडळी त्यापासून आरंभ करतात. दुखऱ्या पाठीच्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. आम्ही दीड वर्षानंतर केला आणि तोही गुडघे वाकवून.

याच चित्रफितींमुळे आमच्या धर्मग्रामात एक वाईट गोष्ट घडली. साठी उलटलेल्या एका मावशींनी नातीबरोबर मोबाईलवर पाहून, उताणे निजून गुंडाळी होत उठण्याचा व्यायाम केला. चौथ्या दिवशी पाठीत असह्य कळ आली. त्यांची हाडे वयोमानाने ठिसूळ झाली होती आणि छातीमागील एक मणका दबला होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८४ साली हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली होती. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मण्यांची नवी पडझड झाली; पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होते. पाहणी लहान होती, पण तिचा अर्थ मावशींच्या पाठीवर आम्ही वाचला आहे. मूळ ३४ व्यायामांपैकी कितीतरी पुढे वाकण्याचे आहेत. नर्तकांस ते मानवले; आमच्या मावशींस कसे मानवावेत? पाळी गेलेल्या स्त्रिया, दीर्घकाळ स्टिरॉइडची औषधे घेणारे आणि उंची घटलेले वृद्ध यांनी वैद्यकीय तपासणीवाचून हे व्यायाम करू नयेत.

आणि आता ते दहा टक्के. कंबरदुखीबरोबर लघवी वा शौचावरील ताबा गेला, लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातील शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. ताप असून पाठ दुखत असेल, वजन विनाकारण घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, पडल्यामुळे वा अपघाताने दुखणे सुरू झाले असेल, तर प्रथम डॉक्टर. आपल्या भागात क्षयाचा आजार अद्याप आहे आणि तो मणक्यासही होतो, हे विसरू नये. येथे तेल, पट्टा, पिलाटिस आणि फादरांचा सल्ला, सर्व निरुपयोगी.

आता कोणी विचारील, ही पद्धती इतर व्यायामांहून श्रेष्ठ आहे काय? उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर, तसे सिद्ध झालेले नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने दहा प्रयोगांतील ५१० रुग्णांचे निष्कर्ष तपासले. काहीच न करणाऱ्यांपेक्षा वा नाममात्र उपचार घेणाऱ्यांपेक्षा पिलाटिस करणाऱ्यांचे दुखणे कमी झाले आणि हालचाल सुधारली; परंतु इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असे म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. ज्यांना योगासने करण्याची सवय आहे त्यांनी ती सोडून इकडे येण्याचे कारण नाही. आम्हांस ही पद्धती मानवली, कारण आमच्या भीतीवर ती लागू पडली. वाटीतील पाण्याकडे लक्ष देणारा मनुष्य त्याच वेळी 'आपली चकती सरकेल काय' याचा विचार करू शकत नाही.

दुखणे येऊच नये म्हणून काय करावे, याविषयी २०१६ सालचा एक निष्कर्ष आहे. तीस हजारांहून अधिक लोकांवरील प्रयोग एकत्र पाहता, व्यायाम आणि त्यास जोडून पाठीविषयीचे शिक्षण घेणाऱ्यांत वर्षभरात कंबरदुखी होण्याचा संभव ४५ टक्क्यांनी कमी झाला. कमरेचा पट्टा वा बुटातील गाद्या यांचा असा उपयोग आढळला नाही. नुसत्या उपदेशाचाही नाही, हे वाचून आम्ही थोडे वरमलो.

आमच्याबरोबर ज्याने हे व्यायाम सुरू केले तो एक गवंडी आहे. चार महिने तो घरी पडून होता. त्याच्या घरी आम्ही गेलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "फादर, गवंड्याची पाठ गेली म्हंजे गवंडी गेला." मुलीचे बारावीचे वर्ष, घर बायकोच्या धुण्याभांड्यांवर चाललेले. त्याला आम्ही बेळगावास नेले. तपासणीत घाबरण्यासारखे काही निघाले नाही. तीन महिन्यांत तो कामावर गेला. घमेली उचलण्याचे काम मात्र अद्याप धाकट्या भावाकडे. बरे वाटताच त्याने व्यायाम सोडले, आणि सातव्या महिन्यात दुखणे परत आले. त्याला रागे भरण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, कारण आम्हीही दोनदा सोडले होते. दिवसभर विटा रचून आलेल्या माणसाला पुन्हा जमिनीवर पडून पाय उचल म्हणणे सोपे नाही. तेव्हा बाईंनी त्याला चालावयास सांगितले. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. कंबरदुखीतून नुकतेच उठलेल्या ज्या लोकांनी मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने चालणे वाढविले, त्यांपैकी निम्म्यांचे दुखणे उलटेपर्यंत २०८ दिवस गेले. न चालणाऱ्यांत ११२. तो आता कामाच्या जागेहून दोन थांबे आधी बसमधून उतरतो आणि रविवारी आमच्याबरोबर वाटीचा व्यायाम करतो. त्याची वाटी आमच्यापेक्षा कमी सांडते.

त्या बाईंनी महिन्यातील पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी आमच्या सभागृहात येण्याचे कबूल केले आहे. स्त्रियांनी पुरुषांसमोर जमिनीवर निजण्यास संकोच दाखविला, आणि तो रास्तच होता. म्हणून स्त्रियांसाठी दुपारी चार आणि पुरुषांसाठी सायंकाळी सहा अशी वेळ ठेवली आहे. लुगडे वा साडी नेसून हे व्यायाम नीट होत नाहीत, सलवार चालेल. येण्यापूर्वी दोन तास काही खाऊ नये. सतरंजी, टॉवेल आणि एक वाटी प्रत्येकाने घरून आणावी. साठीच्या पुढील स्त्रियांनी हाडांची तपासणी झाली असल्यास तो कागद बरोबर आणावा. मावशी दोन्ही शनिवारी येतात. त्यांस खुर्चीवर बसून करावयाचे वेगळे व्यायाम दिले आहेत, आणि इतर स्त्रियांच्या वाट्या भरून ठेवण्याचे काम त्यांनी आपणहून पत्करले आहे.